मागावी ती मजुरी, उचल नव्हे

दसऱ्याला आपट्याची पाने वाटून सीमोल्लंघन करण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. बीड जिल्ह्यात मात्र ही निव्वळ चाल राहिलेली नाही. दसरा-दिवाळी उरकली, की बालाघाटाच्या डोंगररांगेतील शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज, परळी या भागांतील वाड्यावस्त्यांवरून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसे बाहेर पडतात. सोबत भांडीकुंडी, ताडपत्री, शेळ्या आणि कडेवरची मुले असतात. गावात उरतात ती म्हातारी माणसे. सोलापूर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर येथील आणि सीमेपलीकडे बेळगावकडील साखर कारखान्यांच्या फडांत ही माणसे चार-पाच महिने राबतात आणि उन्हाळा लागला की परततात. गेल्या कित्येक पिढ्यांचे हे सीमोल्लंघन आहे. त्यातून सोने कोणी लुटले, हा प्रश्न वेगळा.

नोकरदाराने पगारवाढ मागावी की न मागावी, मागावी तर कोणत्या शब्दांत, याची चर्चा शहरांतून होत असते. तेथे प्रश्न शिष्टाचाराचा आणि धैर्याचा असतो. सरकारी सेवकाला तर तेवढेही धैर्य लागत नाही. महागाई वाढली की निर्देशांकाच्या आधारे त्याचा भत्ता वर्षातून दोनदा फेरतपासला जातो. बीडच्या ऊसतोड कामगाराची गोष्ट निराळी आहे. त्याने वाढ मागावी हे मान्य केले, तरी ती कोणाकडे मागावी, केव्हा मागावी आणि नेमके काय मागावे, हे तिन्ही प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. या तीन प्रश्नांची उत्तरे चुकली, म्हणजे वाढ मिळूनही माणूस होता तेथेच राहतो. आजवर पुष्कळदा असेच घडले आहे.

मालक कोण?

ऊस शेतकऱ्याचा, तो गाळणार कारखाना, वाहतुकीचा करार वाहनमालकाशी आणि मजुरांची टोळी मुकादमाची. या साखळीत मजुराचा हिशेब फक्त मुकादमाशी असतो. हंगामाच्या आधी, पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले असताना, मुकादम त्याला एकरकमी आगाऊ पैसे देतो. हीच उचल. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता मानले जाते आणि उचल कोयत्यामागे दिली जाते. ही रक्कम अलीकडे लाखाच्या घरात जाते. मुलीचे लग्न, आजारपण, जुने देणे, घराचे पत्रे अशा कारणांसाठी ती घेतली जाते आणि बहुधा गाव सोडण्यापूर्वीच संपते.

कारखान्याच्या कार्यालयात या माणसाची कामगार म्हणून नोंद नसते. कारखान्यातील कायम कामगारांची वेतनवाढ ठरविण्यासाठी राज्यात शासन, कारखानदार आणि कामगार संघटना यांची त्रिपक्षीय समिती बसते. ज्याच्या कोयत्याशिवाय त्याच कारखान्याची मोळी गव्हाणीत पडत नाही, तो मात्र कारखान्याच्या लेखी कंत्राटदाराचा माणूस, कंत्राटदाराच्या लेखी मुकादमाचा माणूस आणि मुकादमाच्या लेखी ऋणको. ऋणकोने पगारवाढ मागायची नसते, त्याने कर्ज फेडायचे असते. एकदा उचल हातात पडली, की मागण्याचा अधिकार हातातून गेला, असा या व्यवहाराचा अलिखित नियम आहे.

उचल आणि दर

म्हणूनच या भागात ‘यंदा चांगले मिळाले’ असे कोणी म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ उचल जास्त मिळाली असा असतो. दुसऱ्या मुकादमाने दहा हजार जास्त दिले म्हणून टोळी बदलणारे मजूर पुष्कळ आहेत. परंतु उचल वाढली म्हणजे मजुरी वाढली, हा या व्यवसायातील सर्वांत मोठा भ्रम आहे. उचल हे कर्ज आहे. ते वाढले म्हणजे फेडण्याचे दिवस वाढले, एवढेच.

हिशेब साधा आहे. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानुसार तोडणीचा मूळ दर टनाला ३६६ रुपये ठरला. एक कोयता दिवसाकाठी दोन टन ऊस तोडतो असे धरले, तर जोडीच्या वाट्याला ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६ रुपये येतात. ऊस तोडणे, सोलणे, वाढे छाटणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहून गाडी भरणे, एवढी कामे त्यात आली. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. दिवस बारा तासांचा धरला, तर ताशी साडेतीस रुपये पडतात. २०२४-२५ साली महाराष्ट्रात ग्रामीण रोजगार हमीच्या कामावरचा दर दिवसाला २९७ रुपये होता, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने ताशी ३७ रुपये. दुष्काळी कामावरच्या खडी फोडणाऱ्यापेक्षाही जो तासाला कमी मिळवतो, त्याने वाढ मागणे हा उद्दामपणा ठरू शकत नाही.

आता हंगामाचा हिशेब पाहावा. चार महिने, एकही दिवस न चुकता काम झाले, तर १२० दिवसांत २४० टन ऊस तोडून जोडीचे ८७ हजार ८४० रुपये होतात. एक लाखाची उचल घेतलेली असेल, तर बारा हजारांवर बाकी अंगावर राहिली. आठवड्याच्या बाजारासाठी घेतलेली खर्ची त्यात मिळविली, तर आकडा आणखी फुगतो. वाढे विकून चार पैसे मिळतात, त्यांत तेलमीठ भागते. हंगाम आखूड झाला तर विचारायलाच नको. २०२४-२५ च्या हंगामात राज्यात उसाची टंचाई होती. आदल्या वर्षी सुमारे ११० लाख टनांवर गेलेले साखर उत्पादन त्या वर्षी सुमारे ८० लाख टनांपर्यंत घसरले आणि अनेक कारखाने लवकर बंद झाले. तीन महिनेच काम मिळालेल्या जोडीची कमाई याच दराने ६६ हजारांच्या आत येते. उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत वळती होते, आणि पुढच्या वर्षी कोणाच्या टोळीत जायचे हे स्वातंत्र्यही तिच्याबरोबर जाते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करावे लागणारे काम हीदेखील घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविलेली सक्तीच होय. या कसोटीवर उचलीच्या व्यवहाराची तपासणी व्हावयास हरकत नसावी.

मागितल्याशिवाय काय वाढले?

१९५० च्या सुमारास लोणी येथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. पाटाच्या पाण्यावर ऊस वाढला. तो तोडण्यासाठी लागणारी माणसे पर्जन्यछायेतील कोरडवाहू तालुक्यांनी पुरविली. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ अधिकच वाढविला. या माणसांच्या मजुरीचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दर आपोआप कधीही वाढला नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी आणि डाव्या कामगार संघटनांनी हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिला, तेव्हा साखर संघ बोलणीला बसला. कधी लवाद नेमला गेला, कधी करार झाला.

अलीकडची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात, संपाच्या पार्श्वभूमीवर, पुण्याजवळ मांजरी येथे बोलणी होऊन सरासरी १४ टक्के वाढ मान्य झाली. त्या कराराची मुदत संपल्यावर पुन्हा तीच चाकोरी आली. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादापुढे, पुन्हा संपाच्या इशाऱ्यानंतर, ४ जानेवारी २०२४ रोजी ३४ टक्के वाढ ठरली. टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपये झाला. मुकादमाचे कमिशनही एक टक्क्याने वाढून २० टक्के झाले. साखर संघाने आरंभी देऊ केलेल्या वाढीपेक्षा हा शेवटचा आकडा मोठा होता. जो पहिल्या बैठकीत मान मोडून परतला असता, त्याला ही वाढ मिळाली नसती.

या यशाला असलेली मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. तो करार तीन वर्षांचा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा. या तीन वर्षांत उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत केंद्र सरकारने दरवर्षी वाढविली. २०२३-२४ साली ती टनाला ३,१५० रुपये होती, २०२४-२५ साली ३,४०० आणि २०२५-२६ साली ३,५५० झाली. शेतकऱ्याला ही वाढ मिळाली हे योग्यच झाले. परंतु उसाच्या भावात ४०० रुपयांची वाढ होत असताना तो तोडणाराचा दर कराराच्या खुंटीला बांधलेला राहिला. उसाच्या किमतीसाठी आयोग आहे, शिफारस आहे, दरवर्षीची घोषणा आहे. तोडणाराच्या मजुरीसाठी तीन वर्षांनी एकदा संपाचा इशारा आहे. हा फरक निसर्गाने केलेला नाही.

शेतकऱ्याच्या खिशातून?

वाढीच्या विरोधात एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पोकळ नाही. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक यांचा खर्च कारखाना स्वतः सोसत नाही. उसाच्या किमतीतून तो वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याला दिली जाते. म्हणजे मजुराला दिलेला प्रत्येक रुपया अखेर ऊस उत्पादकाच्या खात्यातून जातो. दोन एकरांचा धनी असलेला शेतकरी काही साखरसम्राट नव्हे. त्याच्या ताटातले काढून मजुराच्या ताटात वाढणे हा कोणता न्याय, असे विचारले जाते.

या प्रश्नाचे पहिले उत्तर आकड्यांचे आहे. २०२४ ची वाढ टनाला ९३ रुपयांची होती. त्या हंगामातील ३,१५० रुपयांच्या किमतीशी तुलना केली, तर ती तीन टक्क्यांच्या आत येते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. उघडपणे न दिलेली मजुरी शेतकऱ्याला चुकविता येते, असे नाही. ज्याने फडात तोड घेतली आहे, त्याला ‘खुशाली’ आणि ‘एंट्री’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. ऊस वेळेवर तोडून हवा असेल, तर टोळीला आणि गाडीवाल्याला वेगळे पैसे द्यावे लागतात. त्याविरुद्ध साखर आयुक्तालयाकडे तक्रारी होतात, परिपत्रके निघतात, आणि पुढच्या हंगामात तेच होते. रीतसर दर अपुरा ठेवला, की तूट बांधावर वसूल केली जाते. तेथे घासाघीस करतात ती दोन्ही माणसे गरजूच असतात, आणि ज्या व्यवस्थेने दर ठरविला ती दूर उभी राहते. कारखान्याने दर पुरेसा द्यावा आणि बांधावरची वसुली कडकपणे बंद व्हावी, यात शेतकऱ्याचेही हित आहे. साखरेबरोबरच मळी, इथेनॉल आणि वीज यांतून कारखान्याला उत्पन्न मिळते. तोडणीचा सारा भार उसाच्या किमतीवरच का टाकावा, हा प्रश्न शेतकरी आणि मजूर यांनी एकमेकांना न विचारता मिळून विचारावयास हवा.

यंत्राची भीती

दुसरा आक्षेप यंत्राचा. मजुरी वाढली की कारखाने तोडणी यंत्रे घेतील आणि मजूर आहे तेही गमावील, असा इशारा दिला जातो. यंत्रे येत आहेत, हे खरे. २०२३ साली राज्यात ९०० ऊस तोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजनाही आली. परंतु ही यंत्रे मजुराने वाढ मागितली म्हणून आलेली नाहीत. मजूर मिळत नाहीत, ही कारखान्यांची तक्रार त्यामागे आहे, आणि मजूर न मिळण्याचे कारण अपुरी मजुरी हेच आहे. लहान तुकडे, ओली जमीन आणि अरुंद सऱ्या असलेल्या शेतात यंत्र सहज चालत नाही. तेथे कोयता लागणारच. यंत्राने तोडलेल्या उसाला टनामागे मजुरांपेक्षा जास्त दर दिला जातो, हे संघटनांनी बोलणीत ठामपणे मांडले होते. लोखंडाला जो दर परवडतो तो माणसाला का परवडू नये, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. गप्प बसल्याने यंत्र थांबेल, ही आशा व्यर्थ आहे. थांबेल ती फक्त मजुरी.

जिचे नाव हिशेबात नाही

या सर्व हिशेबात एक नाव कोठेच येत नाही. जोडीतली स्त्री पहाटे उठून भाकरी थापते, मूल बांधावर निजवून दिवसभर मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते. परंतु उचल घेतली जाते ती नवऱ्याच्या नावे आणि हिशेब होतो तोही त्याच्याशी. एकटा माणूस आला तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. म्हणजे स्त्रीचे श्रम अर्ध्या कोयत्याइतके आहेत हे व्यवहाराला ठाऊक आहे, पण त्या अर्ध्याचे पैसे तिच्या हातात देण्याची रीत नाही. समान कामाला समान वेतन देणारा कायदाही १९७६ सालचाच.

याची किंमत तिने कशात मोजली, हे २०१९ साली साऱ्या देशाला कळले. कामावर एक दिवस न आल्यास ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. मासिक पाळी, गर्भारपण, अंगावरचे दुखणे, यांपैकी कशालाही सुटी नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे उघड झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सुमारे सहांतील एकीची. या आकड्यामागे वैद्यकीय व्यवसायाचा लोभ आहे, अज्ञान आहे आणि बालविवाहही आहेत. परंतु ज्या कामात आजारी पडण्याची मुभा नाही आणि ज्या मजुरीत एक दिवस घरी बसण्याची ऐपत नाही, त्या कामाचा आणि त्या मजुरीचाही वाटा त्यात आहे. म्हणून मजुरीचा प्रश्न हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. पुरेसा दर म्हणजे दुखत असताना कोपीत पडून राहण्याचा अधिकार.

मागणे कसे असावे?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. गाळपावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेऊन शासनाने त्यात भर घालावयाची, अशी तरतूद झाली. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. या गोष्टी हव्याच आहेत. परंतु कल्याण हा मजुरीचा पर्याय नव्हे. वसतिगृह मिळाले म्हणून टनाचा दर मागू नये, असे कोणी म्हणू लागला, तर त्याला नम्रपणे नकार दिला पाहिजे.

एकट्या मजुराने मुकादमाकडे जास्त उचल मागणे, ही आजची मागण्याची पद्धत. तिच्यातून कर्ज वाढते. सर्वांनी मिळून कारखान्याकडे दर मागणे, ही खरी पद्धत. तिच्यातून मजुरी वाढते. त्या मागणीत पाच गोष्टी असाव्यात. तोडणीचा दर उसाच्या किमतीशी किंवा महागाईच्या निर्देशांकाशी जोडून दरवर्षी फेरतपासला जावा. करारात शासनही बांधील पक्षकार असावे. प्रत्येक मजुराची, आणि स्त्रीची स्वतंत्रपणे, कारखान्याच्या दप्तरी नोंद होऊन मजुरी ज्याच्या त्याच्या खात्यात जमा व्हावी. गाडीच्या वजनाची पावती टोळीला त्याच दिवशी मिळावी. आणि खाड्याचा दंड बंद होऊन आठवड्याची एक भरपगारी सुटी मिळावी. यांतील एकही गोष्ट कारखानदारी बुडविणारी नाही. पहिली सोडली, तर बाकीच्यांना फारसा पैसाही लागत नाही.

मुकादमाची बाजूही ऐकली पाहिजे. उचल घेऊन मजूर आलेच नाहीत म्हणून कर्जबाजारी झालेले मुकादम आणि वाहनमालक या जिल्ह्यात आहेत. त्यांची जमीन गहाण पडते. परंतु हेही उचलीच्याच व्यवहाराचे फळ आहे. मजुरीचा करार कर्जाच्या कागदावर लिहिला, की दोन्ही बाजूंना फसविण्याची आणि फसण्याची सोय होते. कोणी डांबून ठेवतो, कोणी पळून जातो. कारखान्याने थेट नोंद करून हंगामपूर्व रक्कम बँकेमार्फत आणि मर्यादेत दिली, तर मुकादमही सुटेल.

राहिला प्रश्न वेळेचा. मागण्याची वेळ बॉयलर पेटण्यापूर्वीची आहे, आणि त्याहीपेक्षा उचल घेण्यापूर्वीची आहे. तीन वर्षांचा करार २०२५-२६ च्या हंगामाबरोबर पुरा होतो. म्हणजे पुढच्या दराची बोलणी ज्येष्ठ-आषाढात, मुकादम गावात फिरू लागण्याआधी, सुरू व्हावयास हवी. दसऱ्याच्या मेळाव्यात सावरगाव घाटावर भाषणे होतील, टाळ्या होतील. परंतु तोवर बहुतेकांनी उचल घेतलेली असते. हातात उचल असलेल्या माणसाच्या घोषणेला कारखानदार किती भितो, हे आजवरच्या अनुभवाने पुरते कळले आहे. बीडच्या मजुराने वाढ अवश्य मागावी. मात्र ती हात रिकामा असताना मागावी.